तीस सामने, एक विजय

ऑगस्ट १९९३ मध्ये झेक प्रजासत्ताकात फुटबॉलचा हंगाम सुरू झाला, तेव्हा त्या देशाचं वय अवघं आठ महिन्यांचं होतं. १ जानेवारी १९९३ रोजी चेकोस्लोव्हाकियाची वाटणी झाली. वाटणी म्हटलं की आपल्या अंगावर काटा येतो. तिथे मात्र दोन भावांनी समजुतीनं भांडीकुंडी वाटून घ्यावीत तसं सगळं झालं. रणगाडे वाटले गेले, विमानं वाटली गेली आणि फुटबॉलची लीगही वाटली गेली. झेकांच्या वाट्याला आलेल्या वरच्या विभागात सोळा क्लब होते. प्रत्येकानं प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, म्हणजे एकेकाचे तीस सामने. या पहिल्या हंगामात स्पार्टा प्राग पहिला आला आणि स्लाविया प्राग दुसरा. त्यात कुणाला नवल वाटायचं कारण नव्हतं. मला बोलायचं आहे ते तळाशी, सोळाव्या जागी राहिलेल्या क्लबविषयी.

त्याचं नाव दुक्ला प्राग. तीस सामन्यांत त्यानं एकच सामना जिंकला.

आता एखादा दुबळा संघ असा हरला तर ती बातमीसुद्धा होत नाही. पण दुक्ला हा अकरा वेळा देशाचा विजेता ठरलेला संघ होता. देशाचा करंडक त्यानं आठ वेळा जिंकला होता, आणि त्यातला आठवा तर १९९० साली, इंटर ब्रातिस्लावाला पेनल्टी किकांवर हरवून. म्हणजे शेवटचा करंडक आणि तळाची जागा यांत फक्त चार वर्षांचं अंतर. चार वर्षांत एखादा संघ म्हातारा होत नाही, खेळ विसरत नाही. मग झालं काय?

फुटबॉलचा मी जाणकार नव्हे. मी कवी माणूस. १९९० चा इटलीतला विश्वचषक दूरदर्शनवर पाहिला, त्यात चेकोस्लोव्हाकियाच्या स्कुहरावी नावाच्या उंचापुऱ्या गड्यानं पाच गोल केले आणि तेव्हापासून त्या देशाच्या फुटबॉलविषयी मिळेल ते वाचत गेलो. वाचता वाचता दुक्लाची गोष्ट हाती लागली आणि ती काही केल्या सुटेना. कारण ती मला फुटबॉलपेक्षा आपल्या ओळखीच्या दोन शब्दांची गोष्ट वाटली. राजाश्रय आणि लोकाश्रय.

फेब्रुवारी १९४८ मध्ये चेकोस्लोव्हाकियात कम्युनिस्टांनी सत्ता हाती घेतली. त्याच वर्षी लष्करानं आपला क्रीडा क्लब काढला. आधी त्याचं नाव एटीके होतं, मग ऊदा झालं. दोन्ही नुसती आद्याक्षरं, सरकारी फायलीवर असतात तशी. त्याच नावानं १९५३ साली पहिलं विजेतेपद मिळालं. १९५६ मध्ये मात्र क्लबला खरंखुरं नाव मिळालं, दुक्ला. हे प्रागमधल्या कुठल्या वस्तीचं नाव नव्हे. दुक्ला ही पोलंड आणि स्लोव्हाकिया यांच्या सीमेवरची कार्पाथियन डोंगरातली खिंड. १९४४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात सोव्हिएत सैन्याच्या बरोबरीनं चेकोस्लोव्हाक तुकड्या त्या खिंडीत जर्मनांशी लढल्या. हजारो माणसं पडली. ६ ऑक्टोबर १९४४ रोजी चेकोस्लोव्हाक सैनिकांनी त्या खिंडीतून मायदेशी पाऊल टाकलं. पुढे तोच दिवस लष्कराचा दिन म्हणून पाळला जाऊ लागला.

नाव मोलाचं होतं, यात शंका नाही. पण बघा, १९९३ मध्ये वाटणी झाल्यावर ती खिंड झेक लोकांच्या देशात उरलीच नाही. ज्या रणभूमीचं नाव छातीवर लावून हा क्लब खेळत होता, ती आता परदेशात होती.

प्रागमध्ये फुटबॉल जुना आहे. स्लाविया १८९२ चा, स्पार्टा १८९३ चा, विक्टोरिया झिझकोव १९०३ चा आणि बोहेमियन्स १९०५ चा. स्पार्टा हा कामगारांचा म्हणून ओळखला जाई, तर स्लाविया शिकलेल्या मंडळींचा. झिझकोव ही कष्टकऱ्यांची, गुत्त्यांसाठी प्रसिद्ध असलेली वस्ती. बाप ज्या क्लबचा, मुलगा त्या क्लबचा. नव्या राजवटीनं ही जुनी नावं पुसायचा प्रयत्न करून पाहिला. स्पार्टाचं ‘स्पार्ताक सोकोलोवो’ केलं, स्लावियाचं ‘डायनॅमो’ केलं. लोक जुनीच नावं घेत राहिले. शेवटी १९६५ मध्ये ती नावं सरकारला परत करावी लागली. अशा या शहरात, जिथे प्रत्येक घराचा क्लब आधीच ठरलेला होता, तिथे लष्करानं आपला संघ आणून बसवला. युलिस्का नावाच्या उतारावर, देय्वित्से भागात त्याचं मैदान. मैदान लष्कराचं, खर्च लष्कराचा आणि खेळाडूही लष्कराचे.

खेळाडू लष्कराचे कसे, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण सगळ्या गोष्टीचं मूळ तिथेच आहे. चेकोस्लोव्हाकियात प्रत्येक धडधाकट तरुणाला दोन वर्षं सक्तीची लष्करी सेवा करावी लागे. त्यातून फुटबॉलपटूला सुटका नव्हती. एखाद्या लहान गावच्या क्लबनं एखादा पोरगा दहाव्या वर्षापासून वाढवावा, एकोणिसाव्या वर्षी तो रंगात यावा आणि त्याच वेळी भरतीचा कागद यावा. मग तो पोरगा बंदूक कमी आणि चेंडू जास्त हाताळायचा, पण दुक्लासाठी. दोन वर्षांनी परत गेला तर गेला. पुष्कळदा परत जातच नसे, कारण लष्करात राहिलं की हुद्दा होता, नियमित पगार होता, प्रागमध्ये घर मिळण्याची शक्यता होती. खेळाडूंना त्यात वावगं काही वाटायचं कारण नव्हतं. ज्या क्लबचा मोहरा गेला, त्या गावाला मात्र ते विसरता येत नसे. देशातल्या जवळजवळ प्रत्येक क्लबच्या चाहत्याजवळ असा एखादा सल होता. त्यातून झेक माणूस गणवेशाकडे मुळातच तिरक्या नजरेनं पाहणारा. यारोस्लाव हाशेकनं १९२० च्या दशकात श्वेइक नावाचा सैनिक लिहिला, तो साऱ्या लष्कराची टर उडवतो, आणि अख्ख्या देशानं त्याला आपला मानलं. अशा देशात लष्कराचा संघ लोकांच्या गळ्यातला ताईत व्हायचा कसा?

आता दुसरी बाजू. हा संघ खेळायचा मात्र अप्रतिम. प्रशिक्षक यारोस्लाव वेज्वोदा यांच्या हाताखाली १९६१ ते १९६४ अशी ओळीनं चार विजेतेपदं त्यानं मिळवली. त्याच काळात न्यूयॉर्कच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेला हा संघ जाई आणि तिथला करंडकही घेऊन येई. १९६१ मध्ये तिथल्या अंतिम फेरीच्या पहिल्या सामन्यात एव्हर्टन या इंग्लिश क्लबवर त्यानं सात गोल चढवले होते. १९६६-६७ च्या युरोपियन कपमध्ये दुक्लानं आयॅक्सला बाहेर काढलं. आयॅक्स म्हणजे क्रायफचा आयॅक्स. उपांत्य फेरीत ग्लासगोच्या सेल्टिकनं दुक्लाला अडवलं आणि पुढे तो कप सेल्टिकनंच जिंकला.

या संघाच्या एका सामन्याची सावली फार लांबवर पडली, तेवढं सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. डिसेंबर १९५७ मध्ये मँचेस्टर युनायटेडचा तरुण संघ युरोपियन कपसाठी प्रागला आला होता. घरच्या मैदानावर त्यांनी दुक्लाला ३-० असं हरवलं होतं, इथे ते ०-१ असे हरले, तरी पुढे गेले. परतताना इंग्लंडवर धुकं दाटलं, विमान उतरणं अशक्य झालं. संघ आधी ॲमस्टरडॅमला गेला, तिथून बोटीनं आणि पुढे आगगाडीनं कसाबसा शनिवारच्या लीग सामन्याला पोचला. असा प्रसंग पुन्हा नको म्हणून पुढच्या बेलग्रेडच्या फेरीला क्लबनं स्वतंत्र विमान भाड्यानं घेतलं. ६ फेब्रुवारी १९५८ रोजी म्युनिकच्या धावपट्टीवर जे कोसळलं ते हेच विमान. त्यात दुक्लाचा दोष काहीच नाही. पण त्या संघाच्या आयुष्यातल्या अखेरच्या काही सामन्यांत प्रागचा हा सामना आहे, हे मनातून जात नाही.

आणि मग योसेफ मासोपुस्त. दुक्लाची गोष्ट सांगायची तर या माणसापाशी थांबावंच लागतं. १९३१ साली मोस्त शहराजवळच्या एका खेड्यात जन्मलेला. आजूबाजूला सगळा कोळशाचा मुलूख. पुढे त्या खाणींनीच त्याचं जन्मगाव गिळलं. १९५२ मध्ये तोही सक्तीच्या सेवेतूनच लष्कराच्या संघात आला आणि राहिला. मधल्या फळीतला खेळाडू. अंगानं काही पैलवान नव्हे. चेंडू पायाशी ठेवून दोन-तीन जणांमधून डावी-उजवीकडे झुकत असा निघायचा, की बर्फावरच्या नागमोडी घसरणीचं नाव त्याच्या चालीला पडलं.

१९६२ च्या चिलीतल्या विश्वचषकात गटातल्या सामन्यात ब्राझीलशी गाठ पडली. पेलेचा स्नायू दुखावला. त्या काळी बदली खेळाडू घेता येत नसे. पेले लंगडत मैदानाच्या कडेला उभा राहिला. चेंडू त्याच्याकडे आला की मासोपुस्त आणि त्याचे सोबती त्याच्या पायावर तुटून पडायचे टाळत, त्याला चेंडू सोडून द्यायची उसंत देत. सामना ०-० असा सुटला. पेले ही गोष्ट आयुष्यभर विसरला नाही. १७ जून १९६२ रोजी सान्तियागोत अंतिम सामन्यात पुन्हा ब्राझीलच. पंधराव्या मिनिटाला मासोपुस्तनंच पहिला गोल केला. पुढे ब्राझील ३-१ असं जिंकलं, पण त्या चेकोस्लोव्हाक संघाचा कणा दुक्लाचाच होता. कर्णधार लादिस्लाव नोवाक, बचावातला स्वातोप्लुक प्लुस्कल आणि मासोपुस्त.

त्या वर्षी युरोपातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून सोनेरी चेंडूचा मान मासोपुस्तला मिळाला. दुसरा होता बेन्फिकाचा युसेबियो. १९६३ च्या वसंतात बेन्फिकाचा संघ प्रागला खेळायला आला, तेव्हा सामन्याआधी मैदानावरच तो चेंडू त्याला देण्यात आला. पुढे मासोपुस्त स्वतः सांगत असे, की युसेबियोशी हस्तांदोलन केलं, बक्षीस पिशवीत टाकलं आणि सामन्यानंतर ट्राम पकडून घरी गेलो. राजवटीला एकेका माणसाचं कौतुक फारसं मानवत नसे. परदेशी क्लबांना तो हवा होता, पण परवानगी मिळाली ती १९६८ मध्ये, त्याच्या वयाच्या सदतिसाव्या वर्षी, बेल्जियमला जायची.

या माणसाचा कुणी द्वेष केला नसेल. राष्ट्रीय संघात तो खेळे तेव्हा सारा देश त्याचा. पण रविवारी तोच युलिस्कावर लष्कराच्या संघातून उतरे, तेव्हा बाकड्यांवर माणसं थोडकी असत. स्पार्टा किंवा स्लाविया तिथे खेळायला आले की मैदान भरे, आणि ते भरे पाहुण्यांच्या चाहत्यांनी. ‘आपला’ म्हणून दुक्लासाठी ओरडणारे फार थोडे. अकरा विजेतेपदं मिळाली, पण लोक काही मिळाले नाहीत.

गंमत म्हणजे त्या संघावर प्रेम केलं ते दूरच्या इंग्लंडमधल्या काही पोरांनी. टेबलावर बोटांच्या टिचकीनं खेळायच्या फुटबॉलचे संच तिथे मिळत, त्यात निरनिराळ्या क्लबांच्या रंगातल्या चिमुकल्या बाहुल्या असत. १९८६ मध्ये ‘हाफ मॅन हाफ बिस्किट’ नावाच्या तिथल्या एका वाद्यवृंदानं गाणं काढलं. त्यातल्या मुलाला नाताळची भेट म्हणून हवे असतात ते दुक्ला प्रागचे, बाहेरच्या मैदानावर घालायचे कपडे. ज्या संघाचे कपडे घालून प्रागच्या रस्त्यावर फारसं कुणी मिरवलं नसतं, ते इंग्लंडमधल्या गाण्यात हट्टाची वस्तू झाले.

सत्तरच्या दशकातही संघ मोठा होता. १९७६ साली चेकोस्लोव्हाकियानं युरोपचं अजिंक्यपद जिंकलं, तेव्हा गोलात इवो विक्तोर आणि पुढे झ्देनेक नेहोदा हे दोघे दुक्लाचे. १९७७, १९७९ आणि १९८२ मध्ये लीगही जिंकली. १९८२ चं विजेतेपद अखेरचं ठरलं, पण ते तेव्हा कुणाला ठाऊक?

१७ नोव्हेंबर १९८९ रोजी प्रागच्या रस्त्यावर विद्यार्थ्यांचा मोर्चा निघाला आणि महिना-दीड महिन्यात चाळीस वर्षांची राजवट गेली. गोळी न झाडता. डिसेंबर संपायच्या आत वाक्लाव हावेल हा नाटककार राष्ट्राध्यक्ष झाला. आम्हा लिहिणाऱ्यांना त्याचं अप्रूप वाटलं, हे कबूल करतो. पण अशा बदलाचा हिशोब नाटककारापाशी येऊन संपत नाही, तो पुढे मैदानापर्यंतही पोचतो. नव्या सरकारला एवढं मोठं लष्कर नको होतं, आणि लष्कराला फुटबॉल संघ पोसणं परवडणारं नव्हतं. सक्तीच्या सेवेचा काळ कमी केला गेला, बंदूक नको असणाऱ्याला नागरी सेवेचा पर्याय मिळाला. सीमा उघडल्या, चांगला खेळाडू जर्मनी-इटलीला जाऊ लागला. ज्या नळातून दर वर्षी फुकटचं पाणी येत होतं, तो हळूहळू कोरडा पडला.

बाकीच्या क्लबांनाही पैशाची चणचण होतीच. कारखाने खासगी होत होते, जुने आश्रयदाते बंद पडत होते. पण त्यांच्या मागे माणसं होती. माणसं तिकीट काढतात. माणसं आहेत म्हणून व्यापारी आपलं नाव सदऱ्यावर छापायला पैसे देतो. दुक्लाकडे व्यापाऱ्याला दाखवायला काय होतं? एक मोठा उतार आणि त्यावरची रिकामी बाकडी.

असा हा संघ १९९३-९४ च्या हंगामात उतरला. ऑगस्टमध्ये सुरुवात, नोव्हेंबरात बर्फासाठी विश्रांती, मार्चमध्ये पुन्हा खेळ आणि जूनमध्ये शेवट, असा तिथला शिरस्ता. त्या पानगळीत आणखी एक विलक्षण गोष्ट चालू होती. चेकोस्लोव्हाकिया नावाचा देश उरला नव्हता, पण विश्वचषकाच्या पात्रता फेरीतला त्याचा संघ अजून शिल्लक होता. झेक आणि स्लोव्हाक खेळाडू एकत्र, नसलेल्या देशासाठी खेळत होते. १७ नोव्हेंबर १९९३ रोजी ब्रसेल्सला बेल्जियमशी त्यांचा शेवटचा सामना झाला. जिंकणं भाग होतं, ०-० अशी बरोबरी झाली आणि तो संघ कायमचा विसर्जित झाला. जुनी घडी अशी एकेका सामन्यानं मोडत होती, आणि त्यात शनिवार-रविवारी दुक्ला हरत होता.

एक विजय आणि एकोणतीस वेळा ‘नाही’. त्यात काही बरोबऱ्या, बाकी सगळे पराभव. जरा कल्पना करून पाहा, त्या संघातल्या विशीतल्या पोरांची. ही पोरं काही कम्युनिस्ट राजवटीची लाडकी नव्हती. राजवट गेली तेव्हा त्यांतली बरीचशी शाळेतून नुकती बाहेर पडत असतील. आजोबांच्या वेळच्या रागाचं ओझं, वाडवडिलांच्या अकरा विजेतेपदांचं ओझं आणि खिशात दमडी नाही. एखादा संघ वर्षभर हरतो तेव्हा निदान त्याच्यासाठी रडायला कुणीतरी असतं. त्याच शहरात बोहेमियन्सही त्या वर्षी खाली घुटमळत होता, पण त्याच्यासाठी जीव टाकणारी वस्ती होती. विक्टोरिया झिझकोवचं तर नवलच. अनेक दशकं वरच्या विभागाबाहेर राहिलेला, १९२८ च्या एकाच विजेतेपदाच्या आठवणीवर जगलेला हा क्लब याच हंगामात वर आला होता आणि १९९४ मध्ये त्यानं अंतिम सामन्यात स्पार्टाला पेनल्टी किकांवर हरवून झेक करंडक जिंकला. कुणी राजाश्रय न देता पिढ्यान्‌पिढ्या टिकलेला संघ करंडक उचलतो आणि लाडात वाढलेला तळाला जातो, दोन्ही एकाच वर्षी, एकाच शहरात.

वितकोवित्से आणि दुक्ला हे दोन क्लब खाली गेले. नियमानं दुक्लाची जागा दुसऱ्या विभागात होती. पण तिथे खेळायलाही पैसे नव्हते. तो थेट तिसऱ्या विभागात गेला. चार वर्षांपूर्वीचा करंडकविजेता आता छोट्या गावांच्या संघांशी खेळू लागला.

इथे कुणी म्हणेल, की लष्कराचा संघ होता, लष्करशाही गेली, संघ गेला, एवढं सरळ आहे. मला ते इतकं सरळ वाटत नाही. पूर्व युरोपात प्रत्येक देशात असे संघ होते. बुडापेस्टचा होनवेद म्हणजे किशपेश्त नावाच्या उपनगराचा १९०९ पासूनचा जुना क्लब. १९४९ मध्ये लष्करानं तो आपलासा केला. लष्कर गेलं तरी किशपेश्त तिथेच होतं. वॉर्साच्या लेगियाचा जन्म १९१६ चा, पहिल्या महायुद्धातल्या पोलिश सैनिकांमधला. त्या गणवेशात लोकांना स्वातंत्र्याची आठवण होती. हे दोन्ही क्लब टिकले. सोफियाचा सीएसकेए मात्र दुक्लासारखाच १९४८ मध्ये लष्करानं उभा केलेला, आणि तरीही बल्गेरियात त्याच्यावर जीव ओवाळून टाकणारे लाखभर निघतील. तेव्हा नुसता जन्म कुठे झाला यावर सगळं ठरत नाही. प्रागमध्ये आधीच चार जुनी घरं होती आणि पाचव्यासाठी जागा कुणी करून दिली नाही. दुक्लानंही ती कधी मागितली नाही. मागायची गरजच पडली नव्हती.

आमच्या शायरीच्या प्रांतात असा एक जण होऊन गेला. जौक. बहादूरशाह जफरचा उस्ताद, लाल किल्ल्यातला मानाचा शायर. गालिबला तो मान जौक १८५४ मध्ये गेल्यावरच मिळाला, आणि तीनच वर्षांत किल्लाच उरला नाही. पुढच्या पिढ्यांनी गालिबला डोक्यावर घेतलं आणि जौकला ‘दरबारी’ म्हणून बाजूला सारलं. पण जौकचे चांगले शेर चांगलेच आहेत. दरबारात म्हटला म्हणून शेर खोटा होत नाही. मासोपुस्तचा सान्तियागोतला गोलही खोटा होत नाही. तरीसुद्धा दरबार उठल्यावर चिरागात तेल कोण घालणार, हा प्रश्न राहतोच, आणि दुक्लापुरतं त्याचं उत्तर १९९४ च्या जूनपर्यंत मिळालेलं होतं.

या पडझडीतही त्या जुन्या भरतीच्या नळातून शेवटचा एक मोती आला होता. १९९१-९२ मध्ये पिल्झेनकडचा एक सोनेरी केसांचा पोरगा सक्तीच्या सेवेसाठी दुक्लात आला, वर्षभर खेळला आणि स्पार्टाला निघून गेला. त्याचं नाव पावेल नेद्वेद. २००३ मध्ये युरोपचा सोनेरी चेंडू मिळवणारा तो दुसरा झेक. पहिला मासोपुस्त. दोघेही दुक्लाला मिळाले ते भरतीच्या कागदानं. ती सक्तीची सेवा २००४ च्या अखेरीस बंद झाली.

आणि दुक्ला? १९९६ मध्ये प्रागपासून साठेक किलोमीटरवरच्या प्रिब्राम या खाणींच्या गावातल्या क्लबशी त्याचं विलीनीकरण झालं. पैसा तिथला, नाव याचं. १९९७ मध्ये हा जोडक्लब वरच्या विभागात पोचलासुद्धा, पण घर आता प्रिब्रामला होतं आणि काही वर्षांत दुक्ला हे नावही गळालं. इकडे प्रागमध्ये देय्वित्सेतल्या लहान क्लबमधून दुसऱ्या काही मंडळींनी नवा दुक्ला उभा केला. तेच मैदान, तेच तांबडे-पिवळे रंग. २००७ मध्ये त्यानं दुसऱ्या विभागात जागा मिळवली, २०११ मध्ये तो वरच्या विभागात आला, २०१९ मध्ये घसरला आणि २०२४ मध्ये पुन्हा चढला. कागदोपत्री हा वेगळा क्लब. युलिस्कावर मासोपुस्तचा पुतळा आहे, चेंडू पायाशी घेऊन निघालेला. तो स्वतः २९ जून २०१५ रोजी, चौऱ्याऐंशीव्या वर्षी गेला.

२०११-१२ च्या हंगामात प्रिब्रामचा क्लबही वरच्या विभागातच होता. त्यामुळे एका बाजूला जुन्या दुक्लाशी कागदानं जोडलेला प्रिब्राम आणि दुसऱ्या बाजूला त्याचं नाव, रंग आणि मैदान सांभाळणारा नवा दुक्ला, असे दोन वारस लीगच्या सामन्यासाठी समोरासमोर उभे राहिले. एक सामना प्रिब्रामला झाला आणि एक युलिस्कावर.